मीटिंगमध्ये सगळे हो म्हणाले की मीही हो म्हणतो, हा माझा भित्रेपणा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे, की ऑफिसच्या मीटिंगमध्ये काहीतरी चुकतंय हे प्रश्न विचारणाऱ्यांना दिसत असतं, शब्द अगदी ओठांवर आलेले असतात, पण आधीचे चार-पाच जण "हो, चालेल" म्हणाले की हेपण "हो, चालेल" म्हणून मोकळे होतात आणि बाहेर पडल्यावर स्वतःचाच राग येत बसतो. मी भित्रा आहे का, आणि हे बदलता येतं का, असं विचारलंय. शिवाय चौदा वर्षांच्या मुलीबद्दल विचारलंय, मैत्रिणी जे करतील तेच ती करते, त्याचं काय करायचं.

मी मानसशास्त्राचा माणूस, वेगवेगळ्या ठिकाणच्या टीम्सबरोबर काम करतो, दुसऱ्यांच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून कोण कधी बोललं, कोण मूग गिळून बसलं हे टिपून घेणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग. तर सरळ उत्तर देतो. तुमच्या स्वभावाचा यात हात आहे, पण तुम्ही धरताय त्यापेक्षा पुष्कळ कमी. तुमच्या आधी किती जण बोलले, ते काय बोलले, आणि तुमच्यासारखंच वाटणारं दुसरं एक तरी माणूस तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं का, यावर बराचसा खेळ अवलंबून असतो. स्वभाव बदलायला जन्म जाईल, या गोष्टी मात्र पुढच्या सोमवारी बदलता येतात.

हे मी हवेत बोलत नाहीये. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा रेघांचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो पण अर्धाच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कॉलेजच्या पोरांना सात ते नऊ जणांच्या गटात बसवलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा, त्यातली कुठली पहिलीएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं, बस. शाळेतलं पोरगंपण बरोबर सांगेल असं काम. गटात खरा उमेदवार एकच, बाकी सगळे ॲशने आधी पढवून ठेवलेले, आणि त्या खऱ्याला शेवटून दुसरी जागा, म्हणजे जवळजवळ सगळ्यांची उत्तरं ऐकून झाल्यावर याचा नंबर. अठरापैकी बारा वेळा पढवलेले सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. एरवी या कामात शंभरात एखादीसुद्धा चूक होत नाही, इथे त्या बारा फेऱ्यांमधली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाच्या मागे वाहवत गेली, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली.

इथे लोक गोष्ट थांबवतात आणि "बघा, माणसं म्हणजे मेंढरं" म्हणून मोकळे होतात. मला हा निष्कर्ष अजिबात पटत नाही, कारण त्याच आकड्यांत तीनातली जवळजवळ दोन उत्तरं बरोबर होती, आणि साधारण पाव लोक तर एकदाही हलले नाहीत. पण ते न हललेलेपण निवांत नव्हते बरं का! कोणी चुळबुळत होतं, कोणी कार्डाकडे डोळे बारीक करून बघत होतं, कोणी उत्तर द्यायचं पण अगदी हळू आवाजात, ओशाळं हसून. नंतर ॲशने सगळ्यांशी बोलून विचारलं तेव्हा वाहवत गेलेल्यांतले काही म्हणाले की एवढे सगळे सांगतायत म्हणजे माझ्याच नजरेत काहीतरी गडबड असणार, आणि काही म्हणाले की मला माहीत होतं ते चुकतायत पण चारचौघांत वेगळं पडायचं नव्हतं. तुम्ही कुठल्या गटात बसता ते स्वतःला विचारा, पुढे उपयोग आहे.

आता त्याच ॲशने पुढे काय केलं ते जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. त्याने विरोधातल्या माणसांची संख्या बदलून बघितली. समोर एकच माणूस चुकीचं बोलत असेल तर उमेदवारावर फारसा परिणाम होत नाही, चुका ३.६ टक्के. दोन झाले की १३.६. तीन झाले की ३१.८, आणि त्यानंतर माणसं वाढवून फारसा फरक पडत नाही. म्हणजे तुम्हाला गप्प करायला अख्खा हॉल लागत नाही, लागोपाठ तीन जण पुरतात. आणि उलटं बघा, त्या गर्दीत फक्त एक जण खरं उत्तर देणारा बसवला की चुका साडेपाच टक्क्यांवर येतात. एक! तो काही तुमची बाजू मांडत नाही, भाषण करत नाही, नुसतं आपल्या नंबरला बरोबर उत्तर देतो. पुढे १९७१ मध्ये ॲलन आणि लिव्हाइन यांनी तर मजाच केली, साथ देणाऱ्याला जाड भिंगाचा चष्मा लावला आणि याला नीट दिसत नाही हे सगळ्यांसमोर उघड होईल अशी व्यवस्था केली. काम नजरेचं, आणि सोबती असा. तरी त्याच्या असण्याने दबाव कमी झाला, चांगल्या नजरेच्या सोबत्याएवढा नाही पण झाला.

वरिष्ठ समोर बसलेले असतील तेव्हापण हेच दिसतं. मिलग्रमचा विजेच्या झटक्यांचा प्रयोग माहीत असेल, १९६३ चा, त्यात दुसऱ्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला वाढत्या व्होल्टचा झटका द्यायचा होता, आणि ४० पैकी २६ माणसं प्रयोग घेणाऱ्या साहेबाच्या सांगण्यावरून शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेली (झटके खोटे होते, पण दाबणाऱ्याला ते खरे वाटत होते). त्याचाच एक प्रकार असा केला की सोबत काम करणारे दोघं मध्येच "मी नाही करणार" म्हणून बाजूला झाले. तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४. साहेब तोच, बटणं तीच. त्यामुळे "मी भित्रा आहे का" या प्रश्नावर माझं मत असं, की त्या २६ जणांतले बहुतेक लोक दुसऱ्या खोलीत असते तर नाही म्हणाले असते.

बरं, हे दोन वेगळे दबाव आहेत आणि ते वेगळे ओळखावे लागतात. डॉइश आणि जेरार्ड यांनी १९५५ मध्ये हे नीट मांडलं. एक, आपल्याला बरोबर ठरायचं असतं, म्हणून दुसऱ्यांच्या मताकडे माहिती म्हणून बघतो. दोन, आपल्याला गटात राहायचं असतं, म्हणून मनात पटलेलं नसताना तोंडदेखलं हो म्हणतो. दुसरा प्रकार खोलीच्या बाहेर आला की गळून पडतो, तुम्हाला राग येतो तो त्यामुळेच. पहिला प्रकार मात्र आत शिरून बसतो. मुझफर शेरीफने १९३५ मध्ये काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक ठिपका दाखवून लोकांना विचारलं की हा किती हलला. ठिपका हलतच नव्हता, पूर्ण अंधारात तो हलल्यासारखा दिसतो एवढंच. गटात बसल्यावर प्रत्येकाचे आकडे हळूहळू एकमेकांच्या जवळ आले, आणि नंतर एकेकट्याला विचारलं तरी लोक गटाचाच आकडा धरून राहिले, कारण आता त्यांना तो स्वतःचा वाटत होता.

गोष्ट जितकी धूसर तितकं माणूस दुसऱ्याकडे बघतो, हे तर झालंच. पण आपल्याला वाटतं की मोठा, महत्त्वाचा निर्णय असेल तर लोक आपलं डोकं वापरतील. बॅरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे तपासलं. काम सोपं असेल तर खरंच तसं होतं, महत्त्व वाढलं की री ओढणं कमी होतं. पण काम अवघड असेल तर महत्त्व वाढल्यावर लोक गटावर जास्त रेलतात. आता सांगा, तुमच्या ऑफिसातले खरे मोठे निर्णय सोपे असतात का? म्हणून चहाचं मशीन कुठे ठेवायचं यावर अर्धा तास भांडण होतं आणि वर्षभराचा प्लॅन दहा मिनिटांत पास होतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लाताने आणि डार्ली यांचा १९६८ चा प्रयोग. माणूस खोलीत बसून फॉर्म भरतोय आणि भिंतीतल्या झडपेतून धूर यायला लागतो. एकटा असला तर ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले. सोबत पढवून बसवलेले दोन थंड चेहऱ्याचे लोक असले तर फक्त १० टक्के. आणि तिघंही खरे, कोणीच पढवलेलं नाही, अशा आठ गटांपैकी तीनच गटांतून कोणीतरी उठलं. धूर इतका की लोक खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारून फॉर्म भरत होते! नंतर विचारलं तर कोणी म्हणे वाफ असेल, कोणी म्हणे एसीचं काहीतरी असेल.

ते तिघं खरे असलेले गट नीट बघा. प्रत्येकाच्या मनात शंका होती, प्रत्येकाने चेहरा शांत ठेवला, आणि दुसऱ्याचा शांत चेहरा बघून काही विशेष नसेल असं ठरवलं. तुम्ही मीटिंगमध्ये बाकीच्यांच्या मान डोलावण्याला "यांना पटलंय" असं वाचताय, आणि त्याच क्षणी तुमच्या डोलणाऱ्या मानेला टेबलापलीकडची कोणीतरी व्यक्ती तसंच वाचतेय. तुम्हाला वाटतं तुम्ही बळी आहात, तिच्या बाजूने बघितलं तर तिला गप्प करणाऱ्या तीन जणांतले एक तुम्ही आहात.

(जाता जाता, यावरून गर्दीत माणसं दगड होतात असं समजू नका. न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीस या तरुणीच्या १९६४ च्या खुनाची ३८ लोक नुसते बघत राहिले ही जी प्रसिद्ध कथा आहे ती तेव्हा पेपरात फुगवून छापली गेली होती. अलीकडे तीन देशांतल्या शहरांमधल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही तपासलं तर दहातल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं होतं. उघड उघड मारामारी सगळ्यांना दिसते. मीटिंगमधली चूक धुरासारखी असते, तिथे घोटाळा होतो.)

एका मीटिंगचं सांगतो, म्हणजे हे कसं घडतं ते दिसेल. विषय, प्रोजेक्टची तारीख. प्रमुखांनी सुरुवातच अशी केली, "मला स्वतःला ही तारीख जमण्यासारखी वाटते, पण तुम्ही अगदी मोकळेपणाने बोला." मग उजवीकडून एकेकाला विचारलं. पहिला म्हणाला, ओव्हरऑल सहमत. दुसरा म्हणाला, सरांनी म्हटल्याप्रमाणे थोडं टाइट आहे पण होईल. तिसऱ्याने नुसती मान हलवली. पाचव्या नंबरला एक बाई होत्या, त्यांच्यासमोर एक छापलेला कागद होता, त्यावर त्यांनी स्वतः केलेला दिवसांचा हिशोब. तिसरा बोलून झाल्यावर त्यांनी तो कागद पालथा करून ठेवला. त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाल्या, "काही ॲड करण्यासारखं नाही." पुढच्या मीटिंगला मी प्रमुखांना विनंती करून चर्चेआधी सगळ्यांकडून चिठ्ठ्या घेतल्या, एकच प्रश्न, या प्लॅनमधली सगळ्यात कच्ची गोष्ट कुठली. अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्यांवर तारीख होती. माणसं तीच, आठवडा फक्त मध्ये गेलेला. "सहमत" म्हणणाऱ्या पहिल्या गृहस्थांच्या चिठ्ठीवरपण तारीखच होती.

म्हणून उपाय विचाराल तर माझा पहिला आणि सगळ्यात लाडका उपाय कागदाचा. मीटिंगच्या आधी आपलं मत दोन ओळींत लिहून ठेवा, डोक्यात नाही, कागदावर. डॉइश-जेरार्डच्या प्रयोगात ज्यांनी दुसऱ्यांची उत्तरं ऐकायच्या आधी स्वतःचं उत्तर लिहून ठेवलं ते खूपच कमी वाहवत गेले, आणि तो कागद कोणाला दाखवायचापण नव्हता तरी. आणि जमलं तर मीटिंगमध्येच म्हणा, "बोलायच्या आधी सगळ्यांनी दोन मिनिटं लिहून काढू या का?" याला कोणी विरोध करत नाही, हा विरोधासारखा दिसतच नाही.

दुसरं, सोबती आधी शोधा. मीटिंगच्या आदल्या दिवशी एका माणसाला विचारा, फार नाही, एकालाच, "तारखेबद्दल तुला काय वाटतं, खरं सांग." लॉबिंग करू नका, कट रचल्यासारखं दिसलं की फजिती होते. तुम्ही एकटे नाही एवढं दोघांना कळलं की पुरे. आणि कोणी दुसऱ्याने शंका काढली आणि तुम्हाला ती पटली, तर लगेच त्याच जागी म्हणा की मलाही हे वाटतंय. नंतर कॉरिडॉरमध्ये गाठून "बरं झालं तुम्ही बोललात" म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्याचा काडीचा उपयोग नसतो.

तिसरं, लवकर बोला. पहिल्या तीनात. तीन जण हो म्हणून गेल्यावर तुमचं वाक्य विरोध होतं, त्याआधी तेच वाक्य नुसतं मत असतं.

कसं बोलायचं यावर थोडं. आकडा किंवा माहिती जी फक्त तुमच्याकडे आहे ती आधी टेबलावर ठेवा. स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टीच पुन्हा पुन्हा चघळत बसतो आणि एकाकडेच असलेली माहिती बरेचदा बाहेरच येत नाही. मत मांडणं जड जात असेल तर माहिती मांडा. किंवा गॅरी क्लाईनची युक्ती वापरा, समजा हा प्लॅन सहा महिन्यांनी पार फसलाय, तर कशामुळे फसला असेल, हा प्रश्न टीमला विचारा. एरवी होयबा असलेली माणसंसुद्धा यावर धडाधड बोलतात, कारण आता दोष शोधणं हेच दिलेलं काम झालेलं असतं.

आणि एकदा वेगळं मत मांडलं की डळमळू नका. मॉस्कोव्हिचीच्या १९६९ च्या प्रयोगात सहा जणांच्या गटातले दोघं निळ्या स्लाइड्सना हिरवं म्हणत होते. ते प्रत्येक वेळी हिरवंच म्हणाले तेव्हा बाकीच्यांची सुमारे ८ टक्के उत्तरं हिरव्याकडे झुकली, आणि कधी हिरवं कधी निळं म्हणाले तेव्हा जेमतेम सव्वा टक्का. ८ टक्के म्हणजे काही क्रांती नाही, पण डळमळणाऱ्या अल्पमताच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही, हे त्यातून दिसतं. "म्हणजे मला तसं वाटतं, पण चुकीचंही असेल, तुम्ही म्हणाल तसं" हे असलं बोलण्यापेक्षा न बोललेलं परवडलं. मात्र प्रत्येक फुटकळ गोष्टीत आडवं जाऊ नका. हॉलंडरने १९५८ मध्ये मांडलं होतं की माणूस गटाच्या रीतीने वागून, काम नीट करून आधी पत कमावतो आणि मग ती वेगळं वागण्यावर खर्च करू शकतो. माझ्या अनुभवात हे तंतोतंत खरं आहे, ज्याला कायम विरोध करायचाच असतो त्याचं लोक तिसऱ्या मीटिंगपासून ऐकणं बंद करतात. आणि बाकीच्यांना खरंच तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल तिथे त्यांचं ऐकणं हा शहाणपणाच आहे, त्यात कमीपणा कसला.

काही ठिकाणी मुद्दाम एकाला विरोधकाची भूमिका देतात, तू आज उलट बोलायचं. मला हा प्रकार फारसा आवडत नाही, आणि मानसशास्त्रज्ञ नेमेथच्या अभ्यासातपण दिसलंय की ठरवून केलेल्या विरोधापेक्षा खऱ्या विरोधाने गट जास्त चांगला विचार करतो. नाटक आहे हे सगळ्यांना माहीत असतं ना. त्यापेक्षा तुम्ही स्वतः कुठल्या टीमचे प्रमुख असाल तर आपलं मत शेवटी सांगा. जॅनिसने १९७२ मध्ये समूहविचारावर, म्हणजे एकी टिकवायच्या नादात गट नीट विचार करणंच सोडतो त्यावर, लिहिताना हेच सुचवलं होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६१ च्या क्युबावरच्या फसलेल्या स्वारीनंतर पुढच्या वर्षी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम जायचंच टाळलं होतं, आपण बसलो की सगळे आपल्या तोंडाकडे बघतात म्हणून.

आता मुलीचं. चौदा हे वय या बाबतीत खरोखर वाईट आहे, तिचा दोष नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मुलांना गाडी चालवायचा एक कॉम्प्युटर गेम दिला, तेरा ते सोळा वयाची मुलं एकटी असताना आणि दोस्त बघत असताना यात जोखीम घेण्यात मोठा फरक होता, दोस्त असले की सुसाट. चोविसाच्या पुढच्या मोठ्यांना दोस्त असल्या-नसल्याने जवळपास काही फरक पडला नाही. आणि मित्रमंडळींच्या दबावाला नाही म्हणायची ताकद चौदा ते अठरा या काळात वाढत जाते, असं स्टाइनबर्ग आणि मोनाहन यांच्या अभ्यासात आहे. त्यामुळे "त्यांनी विहिरीत उडी मारली तर तूपण मारशील का" हे ऐकवू नका, त्या वयात प्रामाणिक उत्तर "कदाचित हो" असं असू शकतं.

"सगळे करतात" असं ती म्हणाली की शांतपणे विचारा, सगळे म्हणजे कोण कोण, नावं घे. चार नावं येतील, त्यातल्या दोघी नुसत्या हो म्हणणाऱ्या निघतील. प्रेंटिस आणि मिलर यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये हेच बघितलं होतं, प्रत्येकाला वाटायचं की दारूबद्दल बाकीच्यांना काही वाटत नाही आणि खटकतं ते फक्त मलाच. दुसरं, तिला या ग्रुपच्या बाहेरची एक मैत्रीण असू द्या, क्लासची, खेळाची, कुठलीही, म्हणजे हा ग्रुप तुटला तर सगळंच गेलं असं तिला वाटणार नाही. आणि तिसरं, निघायला निमित्त तुम्ही द्या. एखादा साधा मेसेज ठरवून ठेवा, तो आला की तुम्ही फोन करायचा आणि रागावून "आत्ताच्या आत्ता घरी ये" म्हणायचं, म्हणजे मैत्रिणींसमोर खडूस तुम्ही ठरता, ती नाही. फक्त तो मेसेज आला त्या रात्री कोण होतं, काय चाललं होतं याची उलटतपासणी करायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी मेसेज येणार नाही.